तिसरी टाकी

चावी मिळाली ती खुराड्यात,
अंड्यांच्या ट्रेखाली, कागदात गुंडाळलेली.
अक्षर अण्णांचं :
"तळघर. डावीकडे दोनदा फिरवून मग ओढणे."
बावीस वर्षं कुणी ओढलंच नव्हतं.

आत पिंपांच्या फळ्या सुटून पडलेल्या,
एका पिंपात उदमांजराचा संसार,
आणि भिंतीवर खडूने शेवटची नोंद :
साखर एकवीस. उद्या तोड.
तो उद्या काही उजाडला नाही.
अण्णा त्या रात्री पुण्याला दवाखान्यात गेले
आणि घड पाखरांनी संपवले.

नारायणगावात आमचं नाव निघालं की लोक
पोल्ट्रीवाले वाजगे म्हणायचे. बरं होतं ते.
आता म्हणतात, दारूवाले.
इंद्रजित हसतो. वहिनी हसत नाही,
ती फक्त रजिस्टरमध्ये आणखी एक रकाना आखते.

बागेत उरलं काय होतं?
गंजक्या तारा. डांब लोकांनी गोठ्यांना नेलेले.
विहिरीकडच्या कोपऱ्यात एक वेल तेवढी
पांगाऱ्यावर चढून बसलेली,
कुणी न छाटता, कुणी पाणी न विचारता.
दौलतमामांनी पान उलटं करून पाहिलं, चुरगळलं,
"भोकरी आहे ही.
थॉमसन आली तशी बाजारातून उठून गेली होती.
इथे येऊन बसलीय होय!"

तिच्याच काड्या आम्ही खुंटांवर भरल्या,
एकराला पुरतील इतक्या. बाकी शिराझ, रोपवाटिकेतली.
पहिल्या बहाराला भुरी आली.
मोरचूद-चुन्याने इंद्रजितचे तळवे निळे झाले,
ते निळे हात घेऊनच तो परवान्याच्या खेटा घालायचा.
रात्री बिबट्या ओळींमधून जायचा.
सकाळी ठिबकच्या नळीशेजारी पंजे, ओल्या मातीत, नीटस.
परवाना न विचारणारा तो एकटाच.

मग आली ती माघातली रात्र.
पहिल्या दोन टाक्या रटरटत होत्या,
तिसरी, भोकरीची, गप्प.
साखर चौदावर येऊन अडलेली, खाली उतरेना.
वहिनीने पुण्याला प्रयोगशाळेत फोन लावला,
तिकडून एक झोपाळू आवाज म्हणाला, सकाळी बघू.

आई आली. शाल, टॉर्च, पायात अण्णांच्या चपला.
तिने आयुष्यात थेंब तोंडाला लावलेला नाही,
वाइन हा शब्दही ती उच्चारत नाही, रस म्हणते.
टाकीला कान लावला.
जसा ती उबवणीच्या अंड्याला लावायची तसा, डोळे मिटून.
म्हणाली, "मेलं नाहीये. गारठलंय."

आणि पिल्लांच्या शेडमधून
शंभरचे चार बल्ब, पत्र्याच्या टोप्यांसकट, ओढून आणले.
भोवती पोती बांधली. तूस पसरलं.
"आंबील लागत नाही थंडीत, तेव्हा चुलीशी सरकवतोच ना?"
वहिनी थर्मामीटर धरून उभी,
दर तासाला आकडा लिहीत,
आणि आई प्लास्टिकच्या खुर्चीत, टाकीकडे पाठ करून,
एखाद्या रुसलेल्या पोराशी बोलू नये तशी न बोलता.

पहाटे साडेचारला
आतून एक बुडबुडा फुटला.
मग बराच वेळ काहीच नाही.
मग दुसरा.

आता बाटल्या भरायच्या म्हणून सगळे घाईत आहेत.
लेबलावर काय छापायचं यावरून
भाऊ-वहिनीत दोन दिवस अबोला.
आई मधूनच तळघरात उतरते,
चावी डावीकडे दोनदा, मग ओढ.
तिसऱ्या टाकीचं झाकण बोटभर सरकवते,
फक्त नाक नेते जवळ.

"अजून कोवळा आहे वास," म्हणते,
"राहू दे."
आणि भिंतीवर, अण्णांच्या उद्याखाली,
खडूने आजची तारीख घालते.